छत्तीस नंबरच्या घरचं पाणी

मी एक जुना आराखडा आहे. कागदावरचा नाही, मित्रांनो. मला घडी घालता येत नाही, भिंतीवर टांगता येत नाही आणि उंदीरही मला कुरतडू शकत नाहीत. मी एका लॅपटॉपच्या पोटात राहतो. तो जिथे नेतील तिथे मी जातो आणि त्याच्यासमोर जे बोललं जातं ते मला ऐकू येतं; कोणी काय केलं ते मागाहून कोणाच्या तरी बोलण्यातून कळतं. माझं वय अवघं चार वर्षं. चार वर्षांत कोणी म्हातारं होतं का, असं तुम्ही म्हणाल. आमच्यात होतं. मला उघडायला आता अकरा मिनिटं लागतात. माणूस चहा पिऊन परत येतो तरी मी डोळे चोळतच असतो.

माझ्यासारख्या आराखड्यांना बीआयएम म्हणतात, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. नाव कठीण असलं तरी काम समजायला सोपं आहे. साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. माझ्यातली भिंत मात्र सगळं सांगते: आपण कोणत्या विटेच्या, किती जाड, मे महिन्यात दुपारी तीन वाजता किती तापणार. माझ्यातला नळ सांगतो की त्यातून दिवसाला किती पाणी जाणार. दोन वस्तू चुकून एकाच जागी आल्या, किंवा पाइपात मावणार नाही इतकं पाणी झालं, की मी तिथे लाल होतो. सगळं जमलं की हिरवा. घर बांधायच्या आधीच घराच्या चुका कळाव्यात, विजेची आणि पाण्याची नासाडी होऊ नये, म्हणून आमची नेमणूक. ऐकायला मोठं छान वाटतं. मलाही वाटायचं.

वाशीमला एका मेडिकल दुकानाच्या वर दीड खोलीचं ऑफिस आहे. तिथे माझा जन्म झाला. मला घडवलं ते समीक्षाने. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, नुकतीच इंजिनिअर झालेली आणि फार उत्साही. उत्साही माणसांचा मला आता जरा धाक वाटतो, पण तेव्हा मीही नवाच होतो.

शहराच्या आसपास भाजीपाला पिकवणाऱ्या छत्तीस कुटुंबांनी मिळून रिसोड रस्त्याला जागा घेतली होती. तिथे त्यांना कॉलनी बांधायची होती. त्यांचे अध्यक्ष भगवंतराव, वांगी आणि टमाट्यांचे मोठे बागाईतदार. त्या छत्तिसांत एक घर समीक्षाच्याच आईवडिलांचं होतं. तिची आई हौसाबाई पालक, मेथी, मुळा आणि सांबार पिकवायची आणि बाजारात बसून स्वतः विकायची. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, बरं का. इडलीबरोबरचं नव्हे.

समीक्षाने ठरवलं होतं, ही कॉलनी अशी करायची की उन्हाळ्यात कूलरशिवाय निभावलं पाहिजे, पावसाचं पाणी जमिनीत जिरलं पाहिजे आणि सांडपाण्याचा एक थेंबही नाल्यात जाता कामा नये. घराघरातलं पाणी पाइपाने खालच्या हौदात यावं, तिथे कर्दळीच्या मुळांतून गाळून निघावं आणि झाडांना जावं. त्यासाठी प्रत्येक घरात पाणी किती लागतं हे मला सांगणं भाग होतं.

मग तिने एक फॉर्म तयार केला आणि मला काखेत मारून घरोघर हिंडली. माणसं किती? म्हातारी किती, लहान किती? गाड्या किती? शेळी, गाय? अंगण पाहिजे की गच्ची? घरात पाणी किती लागतं? लोकांनी जीव लावून उत्तरं दिली. पाण्याचं म्हणाल तर सगळ्यांचं उत्तर जवळपास एकच, दोन टाक्या. समीक्षाने ते माणशी एकशे पस्तीस लिटरच्या हिशोबाशी ताडून पाहिलं आणि माझ्यात भरलं. स्वतःच्या घरचा फॉर्म तिने आईला न विचारता, स्वतःच भरला. आपल्याच घरचं आपल्याला ठाऊक नसेल का?

ते दिवस चांगले होते, खोटं कशाला बोलू. ती मला गोल फिरवून सूर्य कुठून कुठे जातो ते बघायची. पश्चिमेच्या खिडक्या तिने माझ्याकडून सात वेळा लहान करून घेतल्या. छज्जा वीतभर पुढे आणला की आतली खोली किती निवते ते मी सांगायचो आणि ती एकटीच हसायची.

ठेकेदार धनराजला मात्र मी पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपायचो. "मॅडम, बावीस वर्सं झाली, मी घरं बांधून राह्यलो," तो म्हणाला. "मले हे कार्टून कायले दाखवता?"

समीक्षाने मला मोठं केलं. एकोणीस घरांत न्हाणीचा पाइप सरळ बीमच्या पोटातून जात होता आणि त्या एकोणीस ठिकाणी मी लालभडक झालो होतो. धनराज बराच वेळ वाकून बघत राहिला.

"म्हंजे बीम फोडा लागला असता न बाप्पा," तो शेवटी म्हणाला. त्यानंतर तो मजुरांवर ओरडताना माझं नाव घ्यायला लागला. कोणी विचारलं, भाऊ, इथं छिद्र पाडू का, की हा म्हणायचा, "थांब बे. त्याले इचारल्याबिगर हात नको लावू." अशी इज्जत मला पुन्हा कधी मिळाली नाही.

दीड वर्षात घरं उभी राहिली. नागपूरहून काही पाहुणे बघायला आले. मला मोठ्या पडद्यावर लावलं आणि टाळ्या वाजल्या. भगवंतरावांनी समीक्षाला नारळ दिला आणि मला काही नाही. द्यायचं तरी कुठे, म्हणा. वास्तुशांतीची जेवणं झाली. त्यानंतर समीक्षाला अमरावतीला मोठी नोकरी लागली. मी त्याच लॅपटॉपमध्ये तिच्याबरोबर गेलो, पण दुसऱ्या कामांच्या ढिगाखाली जाऊन पडलो. मला कोणी उघडेना. कॉलनीत कोणी भिंत पाडली, कोणी न्हाणी सरकवली, कोणी अंगणात फरशी टाकली. मला त्यातलं कोणीही काही सांगितलं नाही. घर झालं, आता आराखड्याचं काय काम!

मग दुसऱ्या वर्षी पाऊस संपता संपता एक फोन आला. छत्तीस नंबरच्या घरात न्हाणीतून घाण पाणी उलटं वर आलं होतं. छत्तीस नंबर म्हणजे हौसाबाईचं घर, सगळ्यात उताराला. आठ दिवसांत तीनदा पाइप तुंबला. समीक्षा सुट्टी काढून आली आणि कॉलनीच्या मधल्या मोकळ्या जागेत बैठक बसली. लॅपटॉप प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवला होता. कितीतरी महिन्यांनी मला उघडलं आणि तेही भर सभेत.

"पोरी, तुया नकाशा काय म्हनते?" भगवंतरावांनी विचारलं. "पाइप बारका झाला काय?"

समीक्षाने मला कामाला लावलं. छत्तीस घरं, एकशे अठ्ठ्याहत्तर माणसं, माणशी एकशे पस्तीस लिटर. मी सगळे पाइप तपासले. वरपासून खालपर्यंत मी हिरवागार. आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं सगळं पाणी मावून वर जागा उरत होती.

"काका, नकाशात तर पाइप पुरेसा आहे," ती म्हणाली.

"मंग तुंबून काहून राह्यला?"

धनराज उठला. त्याने तुंबलेल्या पाइपातला मूठभर गाळ घमेल्यात आणून सगळ्यांसमोर ठेवला. चिखल, मुळ्याची बारीक मुळं, पालकाचे देठ. "हे पाहा. भाजी धुतलेलं पानी सोडून राह्यल्या बाया पाइपात."

झालं. सगळ्यांच्या नजरा त्या अकरा घरांकडे वळल्या ज्यांच्याकडे पालेभाजी होती. बाकीची घरं वांगी, टमाटे, मिरची लावणारी. त्यांचं फडक्याने पुसून भागतं. पालेभाजीचं तसं नसतं. दुपारी काढायची, सांजेच्या आधी मातीसकट दारात आणायची, धुवायची, जुड्या बांधायच्या आणि पहाटे बाजारात न्यायची. चिखल लागलेली मेथी कोण घेतं? धुणं बंद तर धंदा बंद, एवढं साधं होतं ते. आणि वावरात धुवावं तर तिथली वीज आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. मोटार चालेल तेव्हा पाणी.

हौसाबाई मागे बसली होती. तिथूनच तिने लेकीला विचारलं, "त्याच्यात आमचं भाजीचं पानी धरलं होतं का वं, समीक्षा?"

समीक्षा म्हणाली, "आई, ते तर वावराचं काम आहे. ते घरच्या पाण्यात कसं धरणार?"

ती खोटं बोलत नव्हती, मित्रांनो. तिला तसंच वाटत होतं आणि तिथे बसलेल्या सगळ्यांनाही. जुन्या घरांत वावर दाराशीच होतं. भाजी धुतलेलं पाणी पाटाने पुन्हा वाफ्यात जायचं. त्याला कोणी कधी सांडपाणी म्हटलं नव्हतं, मग ते घरच्या हिशोबात कुठून येणार? फॉर्ममध्ये घरचं पाणी विचारलं होतं, म्हणून घरचं तेवढंच सांगितलं. समीक्षाने स्वतः दहावीपर्यंत आईबरोबर बसून मुळे धुतले होते. पण फॉर्म भरताना ते तिला आठवलं नाही. आणि मी? मला जे सांगतात त्याच्यापलीकडे मला काही माहीत नसतं. मी हिरवा होतो आणि माझ्या हिरवेपणावर सगळ्यांचा विश्वास होता.

"आता नकाशाच म्हनते पाइप बरोबर हाये म्हनून," भगवंतराव म्हणाले. "मंग कॉलनीत भाजी धुनं बंद. पटते का सगळ्याइले?"

पंचवीस घरांना पटलं. हौसाबाईने पदर सावरला आणि ती उठून गेली. मला आजही त्या बैठकीची लाज वाटते. माझ्या साक्षीवर निकाल लागला आणि माझी साक्ष अर्धवट होती.

समीक्षा अमरावतीला परतली. संध्याकाळी ती फोन स्पीकरवर ठेवून काम करायची, त्यामुळे आईचं बोलणं मला ऐकू यायचं. सुरुवातीला हौसाबाई म्हणायची, नेते धुयाले शेजारच्याच्या हिरीवर, जमून जाते. मग ते शेजारी कुरकुरायला लागले. मग एकदा म्हणाली, "पालक काढला वं सारा. तुया बाबानं सोयाबीन पेरलं."

"बरं झालं, आई," समीक्षा म्हणाली. "तुझ्या हाताला आराम तरी मिळाला."

पलीकडून हौसाबाईने विचारलं, जेवली का?

नऊ महिने असे गेले. मग समीक्षाला वाशीमजवळच्या रिठद गावात एक काम मिळालं, तसंच, भाजीवाल्या कुटुंबांच्या घरांचं. ती तोच फॉर्म घेऊन गोजराबाई नावाच्या एका बाईच्या अंगणात गेली. लॅपटॉप खाटेवर ठेवला. गोजराबाई तिच्यासमोरच पितळी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, मुळे धूत होती आणि धुता धुता उत्तरं देत होती.

"मावशी, घरात माणसं किती?"

"सा."

"पाणी किती लागते?"

"दोन टाक्या लागते, बाई."

गोजराबाईने गंज उपडा केला. ते गढूळ पाणी समीक्षाच्या चपलेखालून वाहत गेलं. दुसरा गंज भरला, तोही उपडा झाला. समीक्षा लिहिता लिहिता थांबली.

"अन् हे, मावशी? हे पाणी धरलं का तुम्ही?"

गोजराबाईला हसू आलं. "हे कुठी घरचं पानी हाये? हे त वावराचं हाये."

समीक्षाने पेन खाली ठेवलं. बराच वेळ ती त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. मग ती गोजराबाईला म्हणाली, "सगळे मुळे धुऊन होईपर्यंत मी इथेच बसते." प्रत्येक गंजाला तिने वहीत एक रेघ मारली. त्या दिवशी चारशे लिटरच्या वर पाणी गेलं, एका घराचं, एका दिवसाचं.

तिथेच, खाटेवर बसून तिने मला उघडलं. मी अकरा मिनिटं घेतली आणि ती अकरा मिनिटं तिने एका शब्दाने मला रागे भरलं नाही. कॉलनीतल्या अकरा घरांपुढे तिने भाजीचं पाणी लिहिलं. त्यात गाळ किती, मुळं किती, तेही लिहिलं. आणि मी लाल झालो, मित्रांनो. पहिल्या घरापासून छत्तिसाव्या घरापर्यंत सगळा पाइप लाल. तिने तोंडावर हात ठेवला. ती रडली. मीही रडलो असतो, पण आम्हाला ती सोय दिलेली नाही.

पुढचं काम सोपं होतं, हेच तर दुःख आहे. भाजी धुतलेल्या पाण्यात साबण नसतो. ते घाण पाणी नव्हेच, नुसती माती आहे. त्याला पाइपात घालायचंच नाही. घरांच्या मागून एक उथळ पाट काढला तर उतारामुळे ते आपोआप खालच्या मोकळ्या पट्ट्यात जातं आणि तिथे पपई आणि शेवगा जगतो. उतार माझ्यात आधीपासून होता. पाट कुठून न्यायचा ते मी अर्ध्या मिनिटात दाखवलं.

पुन्हा बैठक बसली. समीक्षाने उभं राहून सांगितलं, "चूक माझी आहे." भगवंतरावांनी तिला मध्येच थांबवलं. "एकटी तुई नाई, पोरी. मीबी त्या फारमवर सही केली. मायी माय जलमभर भाजी धुत होती, मलेबी नाई आठवलं." त्यांनी धुण्यावरची बंदी तिथल्या तिथे उठवली. धनराज दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन आला आणि आठ दिवसांत पाट तयार झाला. पाणी पपईच्या बुडाशी पोचलं तेव्हा त्याने लॅपटॉपच्या पाठीवर थाप मारली. माझे सगळे पुर्जे हलले, पण बरं वाटलं.

अकरा घरांपैकी सात घरांत पुन्हा भाजी धुतली जाऊ लागली. छत्तीस नंबरच्या घरात नाही.

तुम्हाला बाजाराची रीत ठाऊक असेल. तिथे बसण्याच्या जागेवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. जी बाई रोज पोतं अंथरते तिची ती जागा. हौसाबाईची जागा बावीस वर्षांची होती, निंबाच्या सावलीतली. नऊ महिने तिथे तिचं पोतं पडलं नाही आणि एका लसूणवालीने आपलं अंथरलं. त्या बाईचीही काही चूक नाही. रिकामी जागा होती, ती बसली. पाट झाल्यावर हौसाबाई एकदा कोणाकडून तरी मेथीच्या वीस जुड्या घेऊन बाजारात गेली होती. टोपली डोक्यावर घेऊन थोडा वेळ उभी राहिली, दुसरीकडे उन्हात बसून बघितलं आणि दुपारी परत आली. गिऱ्हाइकं नेहमीच्या जागी येऊन परत गेली असतील, असं तिने लेकीला सांगितलं. पन्नाशी उलटल्यावर नवी गिऱ्हाइकं जोडायची ताकद राहत नाही, असंही म्हणाली.

मागच्या महिन्यात समीक्षा मला घेऊन पुन्हा घरोघर हिंडली. पाडलेल्या भिंती, सरकवलेल्या न्हाण्या, नव्या फरशा, सगळं तिने माझ्यात भरलं. पाट भरला. कुठल्या घरात किती भाजी धुतात ते प्रत्येक बाईजवळ बसून लिहिलं. शेवटी आम्ही छत्तीस नंबरला आलो. हौसाबाई तूर निवडत बसली होती.

"आई," समीक्षाने विचारलं, "भाजीचं पाणी किती लिहू?"

"शून्य लिही."

"पुढच्या वर्षी लावशील ना तू पालक? चारशेच राहू देते."

हौसाबाईचे हात सुपात थांबले. "नाई वं. जे हाये थेच लिही. मांगं नाई लिहिलं म्हनून त एवढं झालं."

समीक्षाने शून्य लिहिलं. मी ते घेतलं. आकडे घ्यायला आम्ही कधी नाही म्हणत नाही.

मित्रांनो, मी आता खरंच थकलो आहे. नव्या कॉम्प्युटरांना माझी भाषा कळत नाही आणि माझ्यानंतरचे आराखडे माझ्यापेक्षा दसपट हुशार आहेत. त्यांच्यासाठी एक मागून ठेवतो. घर बांधून झालं म्हणजे आराखडा संपला असं समजू नका. नळ हलवला तरी त्याला येऊन सांगा. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या फॉर्म घेऊन कुणाच्या अंगणात गेलं, तर उत्तरं लिहून लगेच उठू नका. घडीभर बसा. समोरची बाई बोलता बोलता हाताने काय करते आहे ते बघा आणि तेही लिहून घ्या. मला डोळे नाहीत. पाट कुठून न्यायचा ते मी अर्ध्या मिनिटात सांगतो, पण बाजारातली बावीस वर्षांची जागा मला कुणाला परत देता येत नाही.